सर्वनाम

ताम्पेरे, फेब्रुवारी, एकोणऐंशी.
बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याचं तळघर,
भिंतींना अजून चामड्याचा आणि सरसाचा वास.
चौघं तिथे दर मंगळवारी
कान बधिर होईस्तोवर वाजवायची.
वरचा पहारेकरी म्हणायचा,
तुमच्यामुळे माझ्या कॉफीत लाटा येतात.

त्या मंगळवारी कालेर्वोनं अँप लावलाच नाही.
म्हणाला, एक छोटंसं आहे. हसू नका.
वेसा आणि एन्सिओ, दोघे हसले.
वेसा म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडे
नंबर यायची वाट बघताना ऐकतात, तसलं आहे हे.
राइली ऑर्गनवरून म्हणाली,
थांब. तिसरी ओळ परत म्हण.

तिसऱ्या ओळीत कुणीतरी बसमधून उतरतं
आणि सीटवर एक हातमोजा राहतो.
एवढंच.
नाव नाही, केस नाहीत, डोळ्यांचा रंग नाही.
फक्त ‘हॅन’.

(इथे मला थांबणं भाग आहे.
त्यांच्या भाषेत ‘हॅन’ म्हणजे तोही आणि तीही.
आमच्याकडे क्रियापदच चहाडखोर:
उतरला की उतरली,
बसचं दार उघडायच्या आत जबानी घेतं.
‘तू’ म्हणून पाहिलं,
तर गेलास की गेलीस आडवं येतं.
अहोजाहो केलं तर निभतं खरं,
पण सुटलेल्या बसमागे धावताना
कोण कुणाला अहो म्हणतं?
म्हणून वर ‘कुणीतरी उतरतं’ लिहून
मी वेळ मारून नेली.
फार वेळ मारता येणार नाही.)

रेकॉर्डिंग रात्री,
कारण रात्री स्टुडिओ निम्म्या भाड्यात.
एन्सिओचा ड्रम मोठा वाजत होता.
ब्रश दिले, तरी मोठा.
टॉवेल टाकला, तर पार मेला.
पहाटे तीनला कालेर्वोनं कोटाच्या खिशातून
लोकरीचा एक हातमोजा काढला,
करडा, डाव्या हाताचा,
आणि दुसरीकडे बघत स्नेअरवर ठेवला.
हे लावून बघ.

एन्सिओनं बघितलं.
अंगठा उसवून पुन्हा विणलेला, हिरव्या लोकरीनं,
कारण आईकडची करडी संपली होती.
तीन हिवाळ्यांपूर्वी, सोळा नंबरच्या बसमध्ये
हरवला म्हणून घरी बोलणी बसली होती.
उजवा त्यानं फेकून दिलेला.
एकटा काय कामाचा.

बोलला काही नाही.
काठ्या जरा पुसल्या.
काचेपलीकडून इंजिनीअरनं बोटं दाखवली: सातवा टेक.

दुसऱ्या कडव्यात, मोज्याच्या ओळीनंतर,
त्याचा एक ठोका उशिरा पडला.
फार नाही.
दार वाजवू की नको, एवढाच.
इंजिनीअर म्हणाला, परत घेऊ.
कालेर्वो म्हणाला, राहू दे.
ड्रमकडे पाठ करून म्हणाला.

त्या उन्हाळ्यात ते गाणं सगळीकडे,
तळ्याकाठच्या नाचघरांत, पेट्रोलपंपावर,
सॉसेज भाजणाऱ्याच्या तेलकट रेडिओवर.
मुलगे ‘हॅन’मध्ये आपापली मुलगी बसवायचे,
मुली आपापला मुलगा.
उत्तरेकडच्या एका बाईनं
आपला मेलेला कुत्रा बसवला
आणि तसं पत्र लिहून कळवलं.
जागा होती.
नाचता नाचता त्या ठोक्यापाशी
लोक पाऊल जरासं अधांतरी धरायचे,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

पण ते नंतर.
त्या पहाटे बाहेर उणे बावीस,
वेसा पेटीवर झोपलेला,
राइली वायरी गुंडाळत होती.
एन्सिओनं एवढंच विचारलं,
सोळा नंबर पहिली किती वाजता?
पाच चाळीसला.
मग चालतच जाऊ.

डावा हात मोज्यात, उजवा खिशात.
कुणाच्या, ते अंधारात दिसलं नाही.
मागून वेसानं अर्धवट डोळे उघडून विचारलं,
कुठे आहेत सगळे?
राइली खिडकीशी होती. म्हणाली,
गेले.

तिच्या भाषेत
त्यातून काहीच कळत नाही.